आरबीडीसाठी बटणांचं ॲप: शायनीत पहिल्यांदाच काही बनवणाऱ्यांसाठी

थिसिस सबमिट करायचे दिवस जवळ आले की माझ्या टेबलासमोर रोज दोन-तीन जण उभे असतात, हातात पेनड्राईव्ह आणि वाक्य ठरलेलं, "मॅडम, एवढं ॲनालिसिस करून द्या ना." खरिपात चिखल तुडवत प्लॉट-प्लॉटचं वजन यांनीच घेतलेलं असतं, फील्डबुक यांच्याच हाताने भरलेलं असतं, आणि शेवटी त्या आकड्यांचं म्हणणं काय हे मात्र दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं. मला हे बघवत नाही. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कुठल्याही साध्या लॅपटॉपवर चालतं, आरबीडीचं, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाईनच्या प्रयोगाचं, ॲनालिसिस त्यात जेमतेम दोन-तीन ओळींचं आहे, पण आर उघडलं की समोर येते एक रिकामी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारा कर्सर. तिथे काय टाईप करायचं हे माहीत नसलेला माणूस ती खिडकी बंद करतो आणि पेनड्राईव्ह घेऊन माझ्याकडे येतो.

म्हणून शायनी या आरच्या पॅकेजने त्या खिडकीवर बटणं कशी लावायची ते इथे सांगते. तुम्हाला आर थोडंफार येतं, म्हणजे फाईल वाचता येते, एखादं फंक्शन लिहिता येतं, एवढं मी धरून चालतेय. वेब डिझाईन येत नसलं तरी काही बिघडत नाही, मलाही येत नव्हतं.

बटणं लावायच्या आधी आर कमांडर उघडून बघा

आर बनलं न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात, रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांच्या हातून, आणि त्याची १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० ला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या जॉन फॉक्स यांनी आर कमांडर नावाचं पॅकेज केलं, स्टॅटिस्टिक्स पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलांना कमांड पाठ न करता काम करता यावं म्हणून. दिसायला ते आज जुनाट वाटेल, पण एकदा तरी चालवून बघा, कारण त्यात एक गोष्ट अशी केलीय की तुमच्या ॲपमध्ये ती आलीच पाहिजे असं मी हट्टाने सांगते. मेन्यूतून तुम्ही काही निवडलंत की आधी त्याची आरची कमांड स्क्रिप्टच्या खिडकीत लिहून येते, मग ती चालते, मग उत्तर येतं. म्हणजे माणूस क्लिक करतोय पण डोळ्यासमोर कोड येतोय, आठ-दहा वेळा तोच कोड दिसला की त्यातला एखादा शब्द बदलून बघावासा वाटतो आणि तिथून पुढे तो आपला आपण चालायला लागतो. जामोवी या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्येही सिंटॅक्स मोड म्हणून सोय आहे, ती चालू केली की उत्तराच्या वर आरचा कोड दिसतो.

आणि हो, आधी हेही बघा की तुम्हाला हवंय ते कुणी आधीच करून ठेवलंय का. जामोवी आणि जॅस्प दोन्ही फुकट आहेत आणि चांगली आहेत, केरळ कृषी विद्यापीठाची ग्रेप्स नावाची ॲप्स तर खास शेतीच्या प्रयोगांसाठी आहेत आणि शायनीतच बनलेली आहेत. त्यांनी तुमचं काम भागत असेल तर खुशाल तीच वापरा. स्वतःचं बनवायचं ते तुमच्या पोरांचं अडणं वेगळं असेल तेव्हा, म्हणजे फील्डबुकाची मांडणी वेगळी आहे, टेबल अमुकच पद्धतीने लागतं, सूचना मराठीत हव्यात, असं काही असेल तेव्हा.

पहिली पायरी: शेजारी बसा आणि गप्प बसा

कोडची एक ओळ लिहायच्या आधी ज्याच्यासाठी ॲप करताय त्या माणसाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा, त्याचा डेटा त्याला हवा तसा उघडू द्या आणि तो कुठे अडतो ते वहीत लिहा. मध्ये बोलायचं नाही, माऊस हातातून घ्यायचा नाही. अवघड जातं हे, विशेषतः आपण शिकवणारे असलो तर.

मी बसले तेव्हा मला वाटलं होतं पोरं ॲनोव्हाला, म्हणजे ट्रीटमेंटमधला फरक तपासणाऱ्या गणिताला, अडतील. एकही जण ॲनोव्हापर्यंत पोचलाच नाही, सगळे फाईल वाचतानाच अडले. कारण आपल्याकडे फील्डबुक आडवं असतं, डाव्या हाताला टी १, टी २ अशा ट्रीटमेंट खाली खाली आणि वर आर १, आर २, आर ३ अशी रेप्लिकेशन्स म्हणजे ब्लॉक, प्रत्येक चौकटीत त्या प्लॉटचं उत्पादन. आरला हवं असतं उभं टेबल, एका ओळीत एकच प्लॉट, एका कॉलममध्ये ट्रीटमेंट, दुसऱ्यात रेप्लिकेशन, तिसऱ्यात उत्पादन. आडव्याचं उभं करणं आपल्याला इतकं सवयीचं झालेलं असतं की ते काम आहे हेच आपण विसरतो, आणि समोरचा मात्र २४ आकडे एक-एक करून कॉपी-पेस्ट करत बसतो, त्यात दोन इकडचे तिकडे होतात आणि पुढचं सगळंच चुकतं.

दुसरी पायरी: एकच काम निवडा

पहिल्या ॲपमध्ये एकच डिझाईन घ्या. आरबीडी घेतलं तर फक्त आरबीडी. स्प्लिट प्लॉट, फॅक्टोरियल, पूल्ड ॲनालिसिस हे सगळं एकाच मेन्यूत कोंबायचा मोह होतो, पण ज्याला मुळात कुठलं ॲनालिसिस निवडायचं हेच कळत नाही त्याच्यासमोर वीस नावं ठेवली तर आपण त्याची अडचण फक्त रिकाम्या खिडकीतून भरलेल्या मेन्यूत नेऊन ठेवली. त्यापेक्षा ॲपच्या वरच साध्या भाषेत लिहा, "शेत सारख्या ब्लॉकमध्ये विभागलं होतं, प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट एकदाच होत्या आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉटला दिल्या होत्या, असं असेल तरच हे वापरा." एवढ्या वाक्याने निम्म्या चुका दारातच थांबतात.

तिसरी पायरी: बटणं नंतर, आधी गणित

नवीन माणूस इथेच घसरतो. तो थेट रंग, टॅब, लोगो यांच्या मागे लागतो आणि गणिताचा कोड मध्येच कुठेतरी लिहितो, मग चूक झाली की ती बटणात आहे की गणितात हेच कळत नाही. त्यामुळे आधी एक साधं आर फंक्शन लिहा, आत उभं टेबल जाईल आणि बाहेर ॲनोव्हा, सरासऱ्या, एसई (स्टँडर्ड एरर), सीडी (क्रिटिकल डिफरन्स, म्हणजे दोन सरासऱ्या वेगळ्या म्हणायला लागणारा किमान फरक) आणि सीव्ही (कोइफिशंट ऑफ व्हेरिएशन) येईल. शायनीचा संबंधच नको. हे वेगळ्या फाईलमध्ये ठेवा.

आता यात एक खड्डा आहे, यात मी स्वतः पडलेय म्हणून बारकाईने सांगते. पोरं ट्रीटमेंटला १, २, ३ असे नुसते नंबर देतात. आर तो कॉलम आकडे म्हणून वाचतं, आणि ॲनोव्हा काढणाऱ्या एओव्ही फंक्शनला आकड्यांचा कॉलम दिला की ते ट्रीटमेंटची तुलना करायच्या ऐवजी त्यातून एक सरळ रेघ काढतं. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, टेबल छान छापून येतं. कळतं फक्त डिग्रीज ऑफ फ्रीडमवरून (डीएफ). ८ ट्रीटमेंट आणि ३ रेप्लिकेशन म्हणजे २४ प्लॉट, एकूण डीएफ २३, त्यातले ट्रीटमेंटचे ७, रेप्लिकेशनचे २ आणि एररचे १४ यायला हवेत. दोन्ही कॉलम आकडेच राहिले तर येतात १, १ आणि २१. म्हणून तुमच्या फंक्शनची पहिलीच ओळ ट्रीटमेंट आणि रेप्लिकेशन दोन्हींना फॅक्टर करणारी, म्हणजे हे आकडे नसून गटांची नावं आहेत असं आरला सांगणारी, असू द्या, आणि ॲनोव्हा झाल्यावर डीएफ बरोबर आलेत का हे कोडनेच तपासू द्या, नसतील तर उत्तर दाखवायचंच नाही.

फॉर्म्युल्यात आधी रेप्लिकेशन, मग ट्रीटमेंट असा क्रम ठेवा. सगळे प्लॉट हजर असतील तर क्रमाने फरक पडत नाही, पण एखादा प्लॉट गेला असेल तर पडतो, कारण एओव्ही क्रमाने वर्गबेरीज वाटत जातं.

सीडीचं गणित हाताने एकदा करून ठेवा, नंतर ॲप तपासायला उपयोगी पडेल. समजा एररचा एमएस (मीन स्क्वेअर) आला २.४० आणि रेप्लिकेशन ३. सरासरीची एसई म्हणजे २.४० भागिले ३ याचं वर्गमूळ, ०.८९. दोन सरासऱ्यांतल्या फरकाची एसई म्हणजे दोन गुणिले २.४० भागिले ३ याचं वर्गमूळ, १.२६. टी-टेबलात १४ डीएफला ५ टक्क्यांचा टी २.१४५, म्हणून सीडी २.७१ क्विंटल प्रति हेक्टर. आता हेच तुम्ही १.२६ असं आधी राऊंड करून मग गुणलंत तर येतं २.७०. एका शंभरांशाचा फरक, पण हाताने केलेलं आणि ॲपचं जुळत नाही म्हणून माणसाचा विश्वास उडतो आणि तो परत जुन्या पद्धतीवर जातो. राऊंड करायचं ते फक्त स्क्रीनवर दाखवताना, आतल्या गणितात कधीच नाही. आणि टी काढताना क्यूटी फंक्शनला ०.९७५ द्या. ०.९५ दिलं तर १.७६१ येतो, सीडी २.२३ पर्यंत खाली येते आणि ज्या ट्रीटमेंट ॲट पार, म्हणजे बरोबरीच्या, आहेत त्या एकमेकींपेक्षा सरस दिसायला लागतात.

आपल्याकडच्या कृषीच्या थिसिसमध्ये पानसे आणि सुखात्मे या जोडगोळीच्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकाचा संदर्भ आल्याशिवाय सहसा राहत नाही. यातले पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे. या दोघांनी हे गणित शेतीखात्यात काम करणाऱ्या, स्टॅटिस्टिक्समध्ये पदवी नसलेल्या माणसांसाठी मांडलं. आपण करतोय ते त्याच कामाचं पुढचं पाऊल आहे असं मी मानते, म्हणून आकड्यांत हयगय नको.

चौथी पायरी: डेटा आहे तसा घ्या

आता शायनी. हे आरचंच पॅकेज आहे, आरस्टुडिओ कंपनीने २०१२ मध्ये आणलं, ती कंपनी आता पॉझिट नावाने ओळखली जाते. इन्स्टॉल केलंत की ॲप डॉट आर नावाची एक फाईल करा. तिच्यात दोन भाग असतात, एक यूआय म्हणजे स्क्रीनवर काय दिसणार, दुसरा सर्व्हर म्हणजे मागे काय चालणार. तिसऱ्या पायरीत केलेली गणिताची फाईल सगळ्यात वर सोर्स करून घ्यायची.

पहिलं इनपुट अर्थातच फाईलचं. एक्सेल फाईल थेट घ्या, रीडएक्सेल पॅकेजने वाचता येते, लोकांना आधी सीएसव्हीत सेव्ह करा म्हणून सांगू नका, ती एक जास्तीची पायरी होते आणि त्यातही गोंधळ होतात. शायनी मुळात ५ एमबीपर्यंतचीच फाईल घेतं, फील्डबुकाला तेवढं भरपूर झालं.

मग विचारायचं, "तुमचं टेबल कसं आहे?" आणि दोन पर्याय द्यायचे, आडवं आणि उभं, प्रत्येकासमोर तीन ओळींचं छोटं चित्र. आडवं निवडलं तर टायडीआर पॅकेजच्या पिव्हट लाँगर फंक्शनने तुम्हीच ते उभं करा, आणि उभं झालेलं टेबल त्याला दाखवा. दाखवाच, लपवू नका, कारण दोन-चार वेळा बघितलं की पुढच्या हंगामात तो फील्डबुकच उभं भरायला लागतो.

चौकटींमध्ये काय काय येतं त्याचीही तयारी ठेवा. एका मुलाची फाईल होती, ॲपमध्ये टाकली की अर्ध्या प्लॉटचं उत्पादन गायब. फाईल उघडली तर सगळं भरलेलं, एकही चौकट रिकामी नाही. बराच वेळ डोकं लावल्यावर दिसलं की निम्मे आकडे देवनागरीत होते, त्याने मोबाईलवर मराठी कीबोर्डने भरले होते आणि बाकीचे लॅपटॉपवर. आपल्या डोळ्याला १८.५ हे १८.५ च, पण आरला देवनागरी आकडे संख्या म्हणून वाचता येत नाहीत, ते सरळ त्यांना एनए, म्हणजे "आकडाच नाही" असं, करून टाकतं. उपाय एका ओळीचा आहे, बेस आरमध्येच सीएचएआरटीआर नावाचं फंक्शन आहे, त्याला देवनागरी दहा अंक आणि इंग्रजी दहा अंक ओळीने दिले की ते एकास एक बदलून देतं. ही ओळ टाकाच. आकड्यांच्या मागेपुढे राहिलेल्या स्पेस काढा, आणि "क्विंटल" वगैरे लिहिलेलं सापडलं तर ती चौकट लाल करून दाखवा.

सगळ्यात घातक म्हणजे शून्य. प्लॉट जनावरांनी खाल्ला किंवा पाण्यात गेला की काहीजण तिथे शून्य लिहितात. मोजलं आणि शून्य निघालं हे वेगळं आणि मोजताच आलं नाही हे वेगळं, त्या एका शून्याने ट्रीटमेंटची सरासरी कोसळते आणि एररचा एमएस फुगतो. इथे ॲपने स्वतः काही ठरवू नये, विचारावं, "टी ५, आर २ मध्ये ० आहे. खरंच उत्पादन शून्य आलं की हा प्लॉट गेला होता?" प्लॉट गेला असेल तर ती चौकट रिकामी धरायची, आणि मग वरचं साधं सीडीचं सूत्र लागू होत नाही, तेही स्पष्ट लिहायचं.

पाचवी पायरी: बटण आणि मागची साखळी

शायनीत नवख्यांना घाम फुटतो तो रिॲक्टिव्ह या शब्दाला. घाबरू नका, तुम्ही हे रोज एक्सेलमध्ये करता. एका चौकटीत दुसऱ्या चौकटींची बेरीज लिहिली की तिकडचा आकडा बदलल्याबरोबर बेरीज बदलते, तुम्ही परत काही दाबत नाही. शायनीत तेच होतं. फाईल हा पहिला आकडा, स्वच्छ केलेलं टेबल त्यावर अवलंबून, ॲनोव्हा त्या टेबलवर अवलंबून, आलेख ॲनोव्हावर अवलंबून. प्रत्येक दुवा एकदाच रिॲक्टिव्हमध्ये लिहा आणि पुढच्या दुव्याने मागच्याला नावाने हाक मारायची, नावापुढे कंस विसरायचा नाही. तोच कोड तीन ठिकाणी कॉपी केलात तर एका ठिकाणी दुरुस्ती होते आणि दोन ठिकाणी राहते.

पण सगळंच आपोआप बदलत राहिलं तर माणूस बावरतो, ड्रॉपडाऊनला हात लावला की टेबल हलतं. त्यामुळे मध्ये एक बटण ठेवा, "ॲनालिसिस करा", आणि इव्हेंटरिॲक्टिव्ह वापरून गणित त्या बटणाला बांधा. बटण दाबणं म्हणजे "मी सगळं तपासलंय, आता कर" असं सांगणं.

निवडायच्या गोष्टी मोजक्या ठेवा. ट्रीटमेंटचा कॉलम कुठला, रेप्लिकेशनचा कुठला, ॲनालिसिस कशाचं, आणि ५ टक्के की १ टक्का. आडवं टेबल असेल तर यातलेही दोन प्रश्न गळतात. बाकी सगळं, म्हणजे रंग, फॉन्ट, दशांश वगैरे, तुम्ही ठरवून टाका.

सहावी पायरी: एरर माणसाच्या भाषेत

फाईल न निवडताच ॲप उघडलं की शायनी लाल अक्षरात काहीतरी इंग्रजी फेकतं आणि पहिल्या पाच सेकंदांतच माणसाला वाटतं आपण काही मोडलं. रिक्वायरसाठी आरईक्यू नावाचं छोटं फंक्शन आहे, ते टाकलं की फाईल येईपर्यंत शायनी शांत राहतं. आणि व्हॅलिडेट-नीड ही जोडी वापरून तुमचे स्वतःचे निरोप लिहा. "एका ट्रीटमेंटला एकच प्लॉट दिसतोय, रेप्लिकेशन नसताना आरबीडी करता येत नाही." "'टी ३' आणि 'टी३' ही दोन वेगळी नावं आहेत, एकच ट्रीटमेंट असेल तर नाव सारखं करा." निरोपात तीन गोष्टी हव्यात, काय झालं, कुठल्या चौकटीत झालं आणि आता काय करायचं. "तुमचा डेटा चुकीचा आहे" असं कधीच लिहू नका, ते वाचून माणूस काय करणार?

उत्तराखालीही एक साधं वाक्य द्या. एफ सिग्निफिकंट नसेल तर सीडीच्या जागी एनएस (नॉट सिग्निफिकंट) लिहा आणि खाली, "ट्रीटमेंटमध्ये फरक सिद्ध झाला नाही, त्यामुळे सरासऱ्यांची जोडी-जोडीने तुलना करू नका." रेसिड्युअलचा, म्हणजे ट्रीटमेंट आणि ब्लॉक वजा केल्यावर उरलेल्या फरकाचा, आलेख शेजारी ठेवा. ठिपके एका बाजूला पंख्यासारखे पसरलेले दिसले तर गाईडशी बोला, एवढं सांगितलं तरी पुरे. बरोबरीच्या सरासऱ्यांना एकच अक्षर देणारे गट हवे असतील तर ॲग्रिकोले पॅकेजमधली एलएसडी टेस्ट ते करून देते.

सातवी पायरी: कोड दाखवा

ज्यासाठी मी आर कमांडरची गोष्ट सांगितली ती ही पायरी. उत्तराच्या खाली एक चौकट ठेवा, मथळा "आरने हे केलं", आणि त्यात खरा कोड, फाईल वाचण्यापासून सीडीपर्यंत, त्याच्या फाईलचं आणि कॉलमचं नाव घालून, वर कॉपीचं बटण. पेस्ट फंक्शनने साचा भरून हे होतं, किंवा शायनीमेटा नावाचं पॅकेज आहे ते चाललेल्या कोडमधूनच हा मजकूर काढून देतं, म्हणजे दाखवलेला कोड आणि चाललेला कोड वेगळा व्हायची भीती राहत नाही. साच्याने करत असाल तर तो कोड नव्या आर सेशनमध्ये पेस्ट करून तेच उत्तर येतं का हे प्रत्येक बदलानंतर बघा.

इथे एक धोका. युजरने टाईप केलेला मजकूर उचलून तो कोड म्हणून चालवू नका. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे पण ॲप नेटवर गेलं की कुणीही त्यात काहीही लिहून तुमच्या सर्व्हरवर चालवू शकतो. कॉलमची नावं ड्रॉपडाऊनमधूनच घ्या आणि फॉर्म्युला रिफॉर्म्युलेट फंक्शनने बांधा.

गेल्या खेपेला एका मुलीने ही चौकट कॉपी केली आणि दुसऱ्या दिवशी विचारत आली, "मॅडम, माझी नऊ कॅरेक्टर्स आहेत, झाडाची उंची, शेंगा, शंभर दाण्यांचं वजन, हे नऊ वेळा दाबण्यापेक्षा यात कॉलमचं नाव बदलून चालेल का?" मी तिला तिथेच बसवून फॉर लूप दाखवला, अर्धा तास लागला. ॲप तिने परत उघडलं नाही, आणि मला त्याचाच आनंद झाला.

आठवी पायरी: मराठी अक्षरं आणि न दिसणारा स्क्रीन

मराठी लेबलं टाकणार असाल तर आरची आवृत्ती ४.२ किंवा पुढची घ्या, तिथपासून विंडोजवरही आर यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) वापरतं, त्याआधी विंडोजवर देवनागरीची चौकोनं व्हायची. आलेखात जोडाक्षरं तुटत असतील तर रॅग पॅकेज इन्स्टॉल करा, शायनी ते आपोआप वापरतं. डाउनलोडसाठी पीडीएफ देत असाल तर साध्या पीडीएफ डिव्हाइसऐवजी कैरो पीडीएफ वापरा.

आणि बटणं लावली म्हणजे सगळ्यांना सोपं झालं असं समजू नका. न्यूझीलंडमधल्या मॅसी विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स शिकवलेले जोनाथन गॉडफ्री स्वतः अंध आहेत, त्यांनी ब्रेलआर नावाचं पॅकेज केलंय, ते आलेखात काय आहे हे शब्दांत सांगतं. ज्याला स्क्रीन दिसत नाही त्याला कमांड टाईप करून उत्तर ऐकणं सोपं जातं, उलट माऊसनेच चालणारी खिडकी म्हणजे भिंत होते. त्यामुळे तुमचं ॲप नुसत्या टॅब आणि एंटर बटणाने पूर्ण चालतं का ते माऊस बाजूला ठेवून बघा, प्रत्येक इनपुटला लेबल द्या, रेंडरप्लॉटमध्ये ऑल्ट म्हणून जागा असते तिथे आलेखाचं वर्णन लिहा, "सगळ्यात जास्त टी ६, २३.४ क्विंटल, सगळ्यात कमी टी १" असं, आणि लाल-हिरवा हा एकच फरक कुठे ठेवू नका.

नववी पायरी: लोकांच्या हातात

लॅबमधल्या कॉम्प्युटरवर फोल्डर कॉपी करून ठेवणं सगळ्यात सोपं, पण तिथे आर आणि पॅकेजेस लागतात. शायनीॲप्स डॉट आयओवर चढवलंत तर लिंक पाठवली की झालं, फुकटच्या खात्यात महिन्याचे मोजकेच तास मिळतात, सबमिशनच्या आठवड्यात ते संपतात. तिसरा रस्ता शायनीलाईव्हचा, यात आर स्वतःच ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हर लागत नाही, फाईल त्या माणसाच्या कॉम्प्युटरबाहेर जात नाही. पहिल्यांदा उघडायला वेळ घेतं आणि खेड्यातल्या नेटवर जरा जास्तच घेतं, तरी अप्रकाशित डेटा दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकायला गाईड तयार नसतील तिथे हाच रस्ता बरा. तुमची पॅकेजेस त्यात चालतात का हे मात्र आधी बघून घ्या.

द्यायच्या आधी तीन फाईली टाकून बघा. एक आधीच हाताने सोडवलेली, शेवटच्या दशांशापर्यंत जुळली पाहिजे. एक मुद्दाम बिघडवलेली, देवनागरी आकडे, रिकामी चौकट, दोनदा लिहिलेली ट्रीटमेंट, सगळं एकत्र. आणि तिसरी अशा माणसाची ज्याने ॲप कधी बघितलंच नाही, तो स्वतः टाकेल, तुम्ही परत शेजारी गप्प.

आर आणि पॅकेजेसच्या आवृत्त्या डाउनलोड होणाऱ्या रिपोर्टच्या तळाशी आपोआप छापा, सेशनइन्फो फंक्शनने मिळतात, आणि आरएनव्ही पॅकेजने त्या गोठवून ठेवा. नवीन बदल करताना जुन्या ॲपचं फोल्डर तारीख घालून तसंच राहू द्या, निदान त्या बॅचची व्हायव्हा होईपर्यंत तरी, कारण टेबल आधी काढलेलं असतं आणि "हे परत काढून दाखवा" असं एक्स्टर्नल परीक्षक काही महिन्यांनी म्हणतात.

स्प्लिट प्लॉटला हात घालाल तेव्हा नवीन फाईल, नवीन फंक्शन आणि परत पहिल्या पायरीपासून सुरुवात. तिथे एरर दोन असतात, मेन प्लॉटची वेगळी आणि सब प्लॉटची वेगळी, आरबीडीच्या कोडमध्ये एक ड्रॉपडाऊन वाढवून ते होत नाही.